सातारा ते वाई, लांबच्या वाटेने

साताऱ्याहून वाईला एसटीने तास-सव्वा तासात जाता येतं. आम्हाला चार दिवस लागले.

आम्ही म्हणजे मी आणि माझा भाचा. मी अठ्ठेचाळीसची, माहेर साताऱ्याचं, आता मुक्काम पुण्यात. भाचा तेवीसचा. त्याच्या सायकलीला पुढेमागे सस्पेन्शन, आणि किमतीचा विषय निघाला की तो हवापाण्याबद्दल बोलायला लागतो. माझी साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढे सस्पेन्शन. सात वर्षं वापरून तिचा रंग ओळखू येईनासा झालाय. वेळ ठरवली डिसेंबरचा पहिला आठवडा. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं, सप्टेंबर-ऑक्टोबरात कासला फुलांपेक्षा माणसं जास्त असतात आणि मार्चनंतर ऊन डोकं फोडतं. डिसेंबरात वाटा वाळलेल्या, गवत पिवळं, तळी भरलेली आणि वणवे अजून लागायचे असतात.

भाच्याने मोबाइलवर चार दिवसांची निळी रेघ आखून आणली होती. घाट, धारा, जंगल, तळी, सगळं त्या रेघेवर. "नव्वद टक्के ऑफ-रोड आहे आत्या," म्हणाला. मी मान डोलावली. या डोंगरांत लहानपणी मामांबरोबर पायी फिरलेय, त्यामुळे नव्वद टक्क्यांचं काय होणार याचा थोडा अंदाज होता.

दिवस पहिला: सातारा ते कास

पोवई नाक्यावर साडेसहाला चहा घेतला, समर्थ मंदिराकडे आलो आणि यवतेश्वरचा घाट सुरू झाला. दरवर्षी हिल मॅरेथॉनवाले पळतात तो हाच घाट. पाय गरम व्हायच्या आत चढ लागतो, ही त्याची खोड. दुधाच्या किटल्या लटकवलेल्या मोटारसायकली समोरून उतरत होत्या. एकाने वेग कमी करून विचारलं, "सायकल बंद पडली का?" मी चालवतच होते. फक्त हळू.

वर आलं की मात्र घाट विसरायला होतं. हा रस्ता एका लांब डोंगरधारेच्या माथ्यावरून पश्चिमेला जातो. उजव्या हाताला खाली वेण्णा नदीवरचं कण्हेर धरण, डाव्या हाताला उरमोडीचं पाणी आणि त्याच्या डोक्यावर सज्जनगड. मागे वळलं की अजिंक्यतारा, एवढ्यातच आपल्या पायाखाली गेलेला. एका धारेवरून दोन खोऱ्यांतली दोन तळी दिसावीत अशी जागा आपल्या सायकलवाल्यांना फुकट मिळाली आहे आणि आपण ती चारचाकीच्या काचेतून बघतो.

पेट्रीच्या पुढे निळी रेघ डांबर सोडून उजवीकडच्या सोंडेवर वळली. इथून खरी मजा. जांभ्याचा सडा, त्यात खळगे, खळग्यांत वाळलेलं गवत आणि मधून गुरांच्या खुरांनी घासून काढलेली हातभर रुंदीची वाट. अशा वाटेवर हँडल घट्ट धरलं की माणूस पडतो. कोपर सैल, बूड सीटवरून उचललेलं, नजर चाकापुढे नाही तर चार सायकली पुढे. आम्ही दोघांनी टायरमधली हवा कमी केली होती, पंचवीस पीएसआयच्या आसपास. टायर ट्यूबलेस असल्याने काट्यांची फिकीर नव्हती, आत सीलंट असतं. करवंदीचा काटा घुसला तर टायर फुस्स करतं, पांढरा फेस येतो आणि भोक आपोआप बुजतं. कारवीचे कापलेले खुंट मात्र वाईट. ते टायरचा कडेचा भाग फाडतात आणि तिथे सीलंट काही करू शकत नाही.

दोनेक किलोमीटरवर सोंड संपली आणि समोर चार घरांचा धनगरवाडा आला. डोक्यावर हंडा आणि कडेवर कळशी घेतलेली एक बाई वाटेतच उभी राहिली. आम्हाला खालून वर बघितलं.

"कुणाकडं?"

भाचा गोंधळला. "कुणाकडे नाही. असंच, फिरायला."

"ह्या वाटंनं?" तिला हसू आवरेना. "ही तर आमची पाण्याची वाट. पुढं झरा, त्याच्याम्होरं काय न्हाय. कडा."

निळी रेघ कड्याच्या पुढेही जात होती. भाच्याने मोबाइल तिला दाखवला नाही, हे शहाणपणच केलं. तिने आम्हाला गुरांच्या वाटेने माघारी लावलं आणि वर बजावलं, "गुरं आली तर सायकल खाली आडवी पाडा. उभी बघून बुजत्यात." चार दिवसांत मिळालेला सगळ्यात उपयोगी सल्ला तोच ठरला. सांगणाऱ्या बाईला सायकल येत नव्हती.

दुपारी कासचं पठार. इथे आमचं वाजलं. कासवरून महाबळेश्वरकडे एक जुना मार्ग जातो, स्थानिक त्याला राजमार्ग म्हणतात. कुमुदिनी तळ्याकडे जाणारे लोक त्याच वाटेने चालतात. भाच्याच्या रेघेतला सर्वांत लांब कच्चा तुकडा हाच होता, त्याच्यासाठीच तर तो आला होता. मी नाही म्हटलं. या पठारावर जांभ्याच्या कातळावर माती जेमतेम काही बोटं, कुठे कुठे तेवढीही नाही. साडेआठशेच्या आसपास जातींच्या फुलझाडांचा संसार त्या मातीवर चालतो. 2012 साली पश्चिम घाट युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्यात हे पठारही आहे. डिसेंबरात वर काही दिसत नसलं तरी कंद आणि बिया खालीच झोपलेल्या असतात. दोन इंच रुंदीचं गाठीदार टायर वळणावर घासलं की त्या मातीची साल निघते.

"पण वाट आहेच ना तिथे! आपण वाटेवरूनच जाणार."

"वाटेवर पाणी साचलं की तू कडेने जाणार. तुझ्यामागचा त्याच्याही कडेने."

तासभर तो बोलला नाही. मी बरोबर होते की नाही, मला आजही पक्कं सांगता येत नाही. त्या वाटेने शेकडो वर्षं बैल गेले असतील, घोडे गेले असतील. पण तेव्हा रविवारच्या दिवशी पुण्याहून माणसं येत नव्हती. शेवटी सायकली रस्त्याकडेच्या टपरीवर ठेवल्या आणि थोडं चालून आलो. कुमुदिनीत फुलं नव्हती, पाणी होतं आणि त्यावर पानं.

संध्याकाळी कास तलावाच्या काठी टेकलो. भोवती दाट झाडी, अंजन आणि जांभूळ. पाणी इतकं स्थिर की खडा टाकायचा धीर झाला नाही. लहानपणी साताऱ्यात आमच्या नळाला यायचं ते हेच पाणी. पंप नाही, काही नाही, उताराने शहरापर्यंत. आई म्हणायची, कासच्या पाण्यात डाळ लवकर शिजते. मुक्कामाच्या घरी रात्री नाचणीची भाकरी, पिठलं आणि मिरचीचा ठेचा होता. भाच्याचा राग तिसऱ्या भाकरीला उतरला.

दिवस दुसरा: कास, बामणोली, तापोळा

सकाळी बोटं वाकत नव्हती. गवतावर दव इतकं की सायकल रात्रभर पावसात राहिल्यासारखी भिजली होती.

कासहून बामणोलीपर्यंत उतार. पाचशे-साडेपाचशे मीटर उंची दहा-पंधरा किलोमीटरमध्ये उधळायची. अर्धा रस्ता डांबरी, अधूनमधून जंगलातून कापणाऱ्या पायवाटा. त्या पायवाटांवर कोरडा पाला घोटाभर असतो आणि पाल्याखाली काय आहे ते चाक गेल्यावरच कळतं. दोनदा दगड निघाला, एकदा खड्डा. खड्ड्याला मी हँडलवरून पुढे गेले आणि करवंदीच्या जाळीत बसले. लागलं काही नाही. जाळीतून बाहेर यायला मात्र दहा मिनिटं लागली, कारण करवंदीचे काटे माणसाला सहज सोडत नाहीत आणि भाचा हसत असल्यामुळे त्याचा उपयोग शून्य होता.

खाली पोहोचलो तेव्हा ब्रेकच्या डिस्कला जळका वास येत होता. उतारावर ब्रेक सतत दाबून धरायचा नसतो. दाबायचा, सोडायचा, डिस्कला वारा लागू द्यायचा. हे मी भाच्याला शिकवलेलं. वास माझ्या सायकलीचा होता.

एका वळणावर झाडी फाटली आणि शिवसागर दिसला. कोयनेचं हे पाणी धरणापासून इथपर्यंत मागे आलेलं, पन्नासेक किलोमीटर लांब, डोंगरांच्या बोटांमध्ये शिरलेलं. तळं म्हणून एका नजरेत मावत नाही. जिथे बघावं तिथे एक फाटा आणि त्या फाट्याच्या शेवटी चार कौलं.

बामणोलीत पोहोचल्यावर भाचा सरळ काठावर गेला आणि मला हाक मारली. गावातून एक जुनी दगडी वाट उताराने येत होती. दोन्ही बाजूंना गडग्याचे दगड, मध्ये झिजलेली फरसबंदी. ती थेट पाण्यात जात होती. चार-पाच पावलं पाण्याखालीही दिसत होती, मग हिरवं झालं.

इथून लाँचने तापोळ्याला जायचं ठरलं होतं. काठाकाठाने सायकल काढता येईल अशी भाच्याची समजूत होती, ती लाँचवाल्यांनीच मोडली. पलीकडच्या तीरावरचं जंगल कोयना अभयारण्याचं. 2010 पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथल्या वासोटा किल्ल्यावर जायचं तर वनखात्याची परवानगी काढून पायी जायचं आणि संध्याकाळच्या आत परत यायचं. तिथे सायकलीचं नावही काढायचं नाही. याबद्दल माझी काही तक्रार नाही. एखादं रान आपल्या चाकाविना राहिलं तर बिघडत नाही.

सायकली लाँचच्या टोकाला दोरीने बांधल्या. लाँचवाला माझ्याच वयाचा. मध्यावर आल्यावर त्याने इंजिन थोडं कमी केलं आणि पाण्याकडे बोट केलं.

"आमचं जुनं घर हितं. खाली."

"तुम्ही पाहिलंय?"

"मी कुठला बघतोय. आज्जा सांगायचा. भाताची खाचरं व्हती, काळी माती. धरणाच्या टायमाला अर्धी भावकी उठून गेली. कोण रायगडात, कोण सोलापूरकडं. आम्ही वर सरकलो, डोंगराला."

कोयना धरण साठच्या दशकात उभं राहिलं. 103 मीटर उंच. पाणी भरलं की पातळी समुद्रसपाटीपासून 2,163 फूट 6 इंच, हा आकडा इकडे शाळकरी पोरालाही पाठ. यातलं बरंचसं पाणी नदीच्या नैसर्गिक वाटेने पूर्वेला जातच नाही. बोगद्यांतून सह्याद्री भेदून पश्चिमेला कोकणात उतरतं, वीज करतं आणि वाशिष्ठीला मिळतं. त्यासाठी 1999 आणि 2012 साली तलावाच्या तळाला खालून बोगदा पोखरत नेऊन शेवटचा खडक सुरुंगाने उडवला, त्याला लेक टॅपिंग म्हणतात. 1960 मेगावॅटची क्षमता. पुण्यात माझ्या घरी रात्री लाइट लागतो त्यात या माणसाच्या आज्जाच्या खाचरांवरचं पाणी किती, हा हिशेब मी कधी केला नव्हता.

"मग ती काठावरची दगडी वाट?"

"जुन्या गावाची. मे महिन्यात पाणी हटतं तवा लांबपर्यंत दिसती. त्या टायमाला या, सायकल न्या पार खाली." मग भाच्याकडे बघून हसला. "गाळात रुतला तर आमी हायच."

कोयना, सोळशी आणि कांदाटी या तीन नद्यांचं पाणी जिथे एकत्र येतं तिथून लाँच वळली. वारा सुटला होता, पाणी सायकलींवर उडत होतं आणि भाचा साखळीला गंज चढेल म्हणून तिच्यावर स्वतःचं जाकीट धरून बसला होता. कडाक्याच्या थंडीत. वयच तसं असतं.

तापोळ्यात काठाच्या शेतातल्या एका घरी मुक्काम. बाजूला स्ट्रॉबेरीचे वाफे, खाली काळं प्लास्टिक अंथरलेलं, वर पहिली फळं लागलेली. घरच्या आजींनी जेवायला तळ्यातल्या माशांचं कालवण केलं. त्यांना बोलायला आवडायचं. 1967 च्या डिसेंबरातल्या भूकंपाची गोष्ट निघाली. "अकरा तारीख. पाटंचं सगळं निजलेलं. मी सात वर्सांची. मांडणीवरची भांडी एकदम खाली. आई म्हनली, वाघ शिरला." त्या रात्री कोयनानगर भागात पावणेदोनशेच्या आसपास माणसं गेली. अजूनही अधूनमधून धक्के येतात, असं त्या अगदी सहज म्हणाल्या, पाऊस येतो म्हणावं तसं. भाचा मग रात्री बराच वेळ जागा होता. सकाळी म्हणाला, मच्छर होते.

दिवस तिसरा: तापोळा ते महाबळेश्वर

हा दिवस लिहायचा म्हणजे चढ लिहायचा. तळ्याच्या पातळीपासून सातशे मीटर वर. अंतर पंचवीस-सत्तावीस किलोमीटर.

सुरुवातीला भाच्याच्या आग्रहाने मुख्य रस्ता सोडून वरच्या वाडीला जाणारी बैलगाडीची वाट धरली. चाकोऱ्यांत सुटे दगड, मधल्या उंचवट्यावर गवत. पहिल्याच दमाच्या चढाला मागून कडाक् असा आवाज आला आणि पाठोपाठ एक शिवी. बघते तर त्याचा मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारी ती नाजूक लोंबती वस्तू, चाकात अडकून वर गेलेली. एक दगड उडाला होता आणि हँगर तुटला होता.

हँगर म्हणजे डिरेलर फ्रेमला जोडणारा अॅल्युमिनियमचा बोटाएवढा तुकडा. तो मुद्दामच कमजोर करतात, म्हणजे धक्का बसला की तो मोडतो आणि फ्रेम वाचते. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो. माझ्या जुन्या सायकलीचा कुठल्याही दुकानात मिळतो, त्याचा मागवायला लागतो.

"जादाचा आणलायस ना?"

"आणलाय. दुसऱ्या बॅगेत."

दुसरी बॅग पुण्यात होती.

मग वाटेतच दुकान मांडलं. माझ्या हत्यारांतल्या चेन-ब्रेकरने साखळी तोडली, डिरेलर काढून पिशवीत टाकला, साखळी आखूड करून मागच्या मधल्या दातेरी चकतीवर जोडली. सायकल एका गिअरची झाली. मागे सस्पेन्शन असलं की यात एक भानगड होते: सस्पेन्शन दबलं की साखळी ताणते आणि परत तुटू शकते. म्हणून मागचा शॉक लॉक करून टाकला. लाखभराची करामत बंद. आम्ही बसलो होतो तिथे एक आजोबा दोन म्हशी घेऊन आले. सायकली आधीच आडव्या होत्या, त्यामुळे म्हशी शांत. आजोबांनी सगळं निरखलं आणि विचारलं, "कुणाकडं?"

भाच्याने यावेळी विचार केला. "महाबळेश्वराकडं."

"मग रस्त्यानं जावा की."

गेलो. पुढचे काही तास मी माझ्या सर्वांत हलक्या गिअरवर म्हाताऱ्या बैलासारखी चढत होते आणि भाचा चालत होता. एका गिअरवर असा चढ तेवीस वर्षांच्या गुडघ्यांनाही झेपत नाही. वळणावर थांबून मी त्याची वाट बघायची. अशी वेळ आयुष्यात परत येणार नाही हे जाणून मी प्रत्येक वळणावर थांबले. खाली शिवसागर दर वळणाला आकसत गेला आणि शेवटी डोंगरांमध्ये पडलेल्या पत्र्याच्या तुकड्यांसारखा चकाकू लागला.

वरच्या अंगाला हवा बदलते. झाडी बुटकी आणि दाट होते, खोडांवर शेवाळ आणि नेचे. पावसाळ्यात इथे पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्याची ओल डिसेंबरातही सावलीत सापडते. रस्त्याकडेला मधाच्या पाट्या. इकडची मधमाशीपालनाची परंपरा जुनी, जवळचं मांघर 2022 साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. आम्ही एक बाटली घेतली आणि निम्मी तिथेच बोटांनी संपवली.

सूर्य मावळताना शेवटच्या चार-पाच किलोमीटरमध्ये रस्त्यावर गवा उभा होता. एकटा, काळा, गुडघ्यापासून खाली पांढरे मोजे घातल्यासारखा. तो आमच्याकडे बघत होता आणि आम्ही, त्या हंडेवाल्या बाईचं स्मरून, सायकली हळूच आडव्या केल्या. गुरांचा नियम गव्याला लागू पडतो की नाही माहीत नव्हतं. वीसेक मिनिटं कोणी हललं नाही. मग मागून एक जीप आली, तिच्या दिव्यांना कंटाळून तो झाडीत गेला. अंधारात बाजारपेठेत शिरलो तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा मला महाबळेश्वरची गर्दी आवडली.

दिवस चौथा: महाबळेश्वर ते मेणवली

वेण्णा तलावाला लांबूनच नमस्कार केला. तिथे सकाळी आठलाच घोडे आणि कणसं सुरू झाली होती.

क्षेत्र महाबळेश्वरी पंचगंगेच्या देवळात गेलो. दगडी गोमुखातून पाणी पडतं. पाच नद्या इथे उगम पावतात अशी श्रद्धा: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री, गायत्री. भाचा बराच वेळ त्या पाण्याकडे बघत राहिला, मग बोटांवर मोजू लागला. पहिल्या दिवशी कण्हेर, ती वेण्णा. दुसऱ्या दिवशी शिवसागर, ती कोयना. आज धोमचं धरण, ती कृष्णा. "म्हणजे चार दिवस आपण याच पाण्याच्या काठाने फिरतोय?" म्हणाला. उरमोडी राहिली, मी म्हटलं, ती इथली नव्हे. पण त्याला हिशेब आवडला होता. वेण्णा साताऱ्याजवळ माहुलीला कृष्णेला मिळते, कोयना कऱ्हाडला. धरणांनी अडवलं नसतं तर हे पाणी आमच्या आधी घरी पोहोचलं असतं.

इथून वाईला दोन मार्ग. एक पाचगणीवरून पसरणीचा घाट, गुळगुळीत डांबर, हॉर्न, वाटेत पुस्तकांचं गाव भिलार. दुसरा म्हणजे आर्थर सीटच्या रस्त्यावरून उजवीकडे सुटणारी, कृष्णेच्या खोऱ्यात जोर गावाला उतरणारी पायवाट. तीन दिवस भाच्याला नाही म्हणून झालं होतं. यावेळी मीच ती पायवाट सुचवली.

चूक म्हणणार नाही, पण सायकलीवरून उतरलो असंही म्हणवत नाही. सुरुवातीचा दाट रानातला तुकडा सुंदर होता, पाल्याने मऊ झालेला, वरून शेकरू झाडांच्या शेंड्यांवरून उड्या मारत बराच वेळ सोबत करत होतं. मग कड्याची कोर आली आणि पुढे सगळा घसारा. सायकल खांद्यावर, एक हात झाडाला. भाच्याच्या सायकलीला गिअर नव्हताच, आता चाकंही नसल्यात जमा. दोन तासांत आम्ही जेवढं उतरलो तेवढं डांबरावरून दहा मिनिटांत झालं असतं.

अर्ध्यावर खालून एक माणूस वर येताना भेटला. पायात चपला, डोक्यावर पोतं, घाम नाही. आमच्याकडे बघून वाट सोडून उभा राहिला. ओझेवाल्याला वाट द्यायची असते आणि त्याच्या लेखी आम्ही ओझेवाले होतो.

"सायकली इकायला चालवल्या का?"

नाही म्हटलं. तो लहानपणी बाजाराला याच वाटेने बापाबरोबर वर जायचा, पहाटे निघून दुपारी परत. आता गावात रस्ता आलाय. "पण वाट मोडाया नको म्हणून येतो मधनंमधनं," म्हणाला. झुडपं वाढली की कोयत्याने छाटतो. त्याच्या कमरेला कोयता होता. त्याने आम्हाला पुढची दोन वळणं समजावली आणि पोतं तसंच डोक्यावर ठेवून वर गेला.

जोरला पोहोचलो तेव्हा दोन वाजले होते. ताक मिळालं. मी चार पेले प्यायले.

तिथून मेणवलीपर्यंत वीस-पंचवीस किलोमीटर, जवळपास सगळा उतार आणि तळ्यांची सोबत. आधी बलकवडीचं पाणी, मग धोमचं. एका बाजूला पाचगणीचा सपाट माथा, दुसऱ्या बाजूला कमळगडाचा डोंगर. जिथे जिथे शेतातून काठाकडे कच्ची वाट उतरते तिथे आम्ही उतरलो. तळ्यालगतच्या गाळाच्या जमिनीत, पाणी ओसरलं तसतशी, कोणी कोणी हरभरा टाकला होता. त्याच्या बांधाबांधाने सायकल चालवणं हा अख्ख्या सहलीतला सर्वांत सुखाचा तास. भाच्याची सायकल एका गिअरवर सळसळत होती. "गिअर लागतातच कशाला?" असं तो दोनदा म्हणाला.

एका ठिकाणी गाडीवाट सरळ पाण्यात गेली. भाच्याने ब्रेक मारला, पुढचं चाक पाण्यात जाईपर्यंत सायकल ढकलली आणि जरा वेळ तसाच उभा राहिला. मग काही न बोलता मागे वळवली.

मेणवलीचा घाट ऊन कलताना गाठला. नाना फडणविसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेला उतरणाऱ्या दगडी पायऱ्या आणि छोट्याशा देवळीत टांगलेली भलीमोठी घंटा. ही वसईच्या मोहिमेतून आलेली, पोर्तुगीजांच्या चर्चची. तिच्यावर मेरी आणि बाळ येशू कोरलेले आहेत. कोणी वाजवली नाही, आम्हीही नाही. दोघेही चिखलाने माखलो होतो, सायकली त्याहून जास्त. पायऱ्यांवरून खाली नेऊन भाच्याने चाक पाण्यात घातलं.

"ओ दादा!" पलीकडून कपडे धुणाऱ्या एक बाई ओरडल्या. "हितं नका धुऊ. कुणाकडं आलाय?"

"कुणाकडं नाय, मावशी," भाचा म्हणाला, "वरनं आलोय. जोरहून."

"मग खालच्या अंगाला जावा. तिकडं म्हशी धुत्यात, तिथं धुवा."

आम्ही सायकली उचलल्या आणि खालच्या अंगाला गेलो.